मायक्रोपॅपिलरी आलंय? टक्केवारी नंतर, आधी स्लाइड

ताई, वडील ६४ वर्षांचे, लघवीतून रक्त गेलं, दुर्बिणीतून गाठ काढली आणि रिपोर्टात 'मायक्रोपॅपिलरी, टी१' आलं, म्हणजे मूत्राशयाच्या कॅन्सरचा एक आक्रमक प्रकार, अस्तराखाली उतरलेला पण स्नायूपर्यंत न पोचलेला. डॉक्टर बीसीजी (मूत्राशयात सोडायचं औषध) सुरू करू म्हणतायत आणि तुम्ही विचारताय, "किती वर्षं जगतील?"

मी याच प्रकाराचा पेशंट. मूत्राशय काढून सहा वर्षं झाली. डॉक्टर नाही, बँकेतून निवृत्त झालोय, त्यामुळे आकड्याखाली काय दडलंय ते बघायची खोड आहे.

तुम्ही वाचलेला 'पाच वर्षांनी ५१ टक्के, दहा वर्षांनी २४ टक्के हयात' हा आकडा बहुधा ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर हॉस्पिटलमधल्या १०० पेशंटांचा, २००७ साली छापलेला. त्यात वरवरच्या आजाराचे, स्नायूत उतरलेल्याचे आणि पसरलेल्याचे सगळे एकाच टोपलीत आहेत. तुमच्या वडिलांचा हिशोब त्यातून निघत नाही. पण त्याच अभ्यासातली एक ओळ तुमच्या कामाची आहे: वरवरचा आजार असलेल्या २७ जणांना बीसीजी दिलं, त्यांतल्या ६७ टक्के लोकांत आजार पुढे सरकला. नंतर न्यूयॉर्कहून थोडे बरे निकाल आले, पण ते निवडून घेतलेल्या पेशंटांचे. म्हणून बीसीजी चूकच असं मी म्हणणार नाही. फक्त मूत्राशय काढण्याबद्दल सर्जनशी सविस्तर बोलणं व्हायच्या आत पहिला डोस घेऊ नका. या पेशींचे झुबके लसीका-वाहिन्यांत लवकर शिरतात, आणि बीसीजीचे सहा आठवडे, मग पुन्हा तपासणी, यात महिने जातात.

आता रिपोर्ट हातात घ्या. 'मस्क्युलॅरिस प्रोप्रिया' किंवा 'डेट्रुसर मसल' हे शब्द शोधा. नमुन्यात स्नायूचा तुकडाच आला नसेल तर टी१ या शब्दाला फारसा अर्थ नाही, कारण खाली उतरलंय की नाही हे कुणी पाहिलेलंच नाही. स्नायू आला असला तरी टी१ला दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा दुर्बीण घालून खरवडून बघतात. "परत ऑपरेशन? पैसे काढायचे धंदे" असं आमच्याकडेही एक काका म्हणाले होते. त्या दुसऱ्या वेळीच माझा आजार स्नायूत सापडला. मग आधी सिस्प्लॅटिनची केमो, नंतर ऑपरेशन. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडांना झेपावं लागतं, म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट जवळ ठेवा.

त्याच्याही आधी स्लाइड, म्हणजे गाठीचा पातळ काप लावलेली काच, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. हा प्रकार पहिल्यांदा नीट वर्णन झाला तो १९९४ साली. दुर्मीळ आहे, आणि तो ओळखण्यात पॅथॉलॉजिस्टांचंही एकमत होत नाही. माझं उलट झालं होतं: पुण्यातल्या पहिल्या रिपोर्टात फक्त 'हाय ग्रेड' (आक्रमक पेशी) होतं, मायक्रोपॅपिलरी परळला टाटामध्ये स्लाइड दाखवल्यावर कळलं. लॅबकडून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक दोन्ही मागून घ्या, ते आपल्याला मिळतात. डॉक्टरांचं पत्र, ऑपरेशनची नोंद आणि सीटीची सीडी सोबत. मुलगा सकाळच्या डेक्कन क्वीनने दादरला उतरून देऊन आला. ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण आहे ते. तिथे दोन गोष्टी विचारा: मायक्रोपॅपिलरी भाग किती टक्के, आणि वाहिन्यांत पेशी दिसल्या का. हर-२ या पेशींवरच्या प्रथिनाची तपासणीही विचारून ठेवा. या प्रकारात ते जास्त आढळतं आणि आजार पसरलाच तर औषध निवडताना उपयोगी पडू शकतं.

उशीर झाला म्हणून स्वतःला बोल लावू नका. मला तर आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी चार महिने "उन्हाळी लागलीये, धण्याजिऱ्याचं पाणी प्या" म्हणून अँटिबायोटिकवर ठेवलं होतं. दुखत नव्हतं, मीही गप्प बसलो. तंबाखू-सिगारेट असेल तर वडिलांनी आजच थांबवावी. मी ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यापर्यंत चोरून ओढत होतो, बायकोला अजून माहीत नाही.

मूत्राशय काढल्यावर पोटावर लावायच्या लघवीच्या पिशवीची भीती वडिलांना असेलच. मला पहिले दोन महिने ती गळायची, चादरी बदलून बायको थकली. नंतर कातडीला बसणारी चकती नीट मापाने कापायला शिकलो. आता रोज सकाळी तळजाईची टेकडी चढतो, शर्टाच्या आत काय आहे ते कट्ट्यावरच्या मित्रांनाही आठवत नाही. वडिलांना हवं असेल तर मी त्यांच्याशी बोलेन, पुरुष माणसाला हे मुलीला विचारवत नाही.

स्नायूची ती ओळ सापडली की इथे जशीच्या तशी लिहा.