कान दुखतोय, आत काय टाकू?

या वेळी कानाच्याच पत्रांचा ढीग आहे. विचारणं बहुतेकांचं एकच: कानात काय टाकू? माझा उलट प्रश्नही ठरलेला असतो. दुखणं पडद्याच्या अलीकडे आहे की पलीकडे? ते कळेपर्यंत कुठल्याही बाटलीचं बूच उघडू नका.

प्रश्न : माझी मुलगी अडीच वर्षांची आहे, वजन १२ किलो. सर्दी झाली की दोन-तीन दिवसांनी रात्री कान धरून रडते. सासूबाई लसूण घालून कोमट केलेलं तेल कानात सोडतात आणि ती खरंच शांत झोपते. हे चालू ठेवू का? दर वेळी अँटिबायोटिक द्यायला माझं मन घेत नाही.

तुमच्या लेकीचं दुखणं पडद्याच्या पलीकडचं वाटतं. नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते. मोठ्या माणसात ती साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब आणि तिरकी असते, लहान मुलांत आखूड आणि जवळजवळ आडवी. सर्दीत ती सुजते, मधल्या कानात पाणी साठतं, त्यात जंतू वाढतात आणि पडदा आतून बाहेर फुगतो. तो ठणका त्या ताणाचा. आडवं झालं की ठणका वाढतो, म्हणून रडारड रात्रीचीच.

आता तेल. तेल जिथे जातं तिथे आजार नाही, आणि आजार जिथे आहे तिथे तेल पोहोचत नाही. पडदा जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असतो, पण धड असेल तर तेलाचा थेंबही पलीकडे जाऊ देत नाही. लसणाचा अर्क प्रयोगशाळेतल्या काचेत जंतू मारतो, हे खरं. मुलीचा कान म्हणजे ती काच नव्हे. कच्च्या लसणाच्या रसाने कानातली नाजूक कातडी भाजते आणि मग एका दुखण्याची दोन होतात.

मग ती झोपते कशी? ऊब मिळते, कुणीतरी मांडीवर उभं धरतं, आणि वेळ जातो. मधल्या कानाच्या अशा संसर्गात सुमारे ६० टक्के मुलांचं दुखणं २४ तासांत आपोआप थांबतं, अँटिबायोटिक दिलं काय नि न दिलं काय. श्रेय तेलाला जातं, कारण शेवटचं तेच केलेलं असतं. सासूबाईंना यातलं मांडीवर घेणं चालू ठेवायला सांगा. तेल मात्र थांबवा, कारण पडद्याला भोक पडलेलं असेल तर ते सरळ मधल्या कानात उतरेल. (माझी एक स्वार्थी तक्रारही आहे: तेल घातलेल्या कानात दुर्बिणीतून पाहिलं की पडदा धड दिसत नाही, नुसतं तेलच चमकतं.)

रात्री उपयोगी पडतं ते पॅरासिटामॉल. मात्रा वयावर नाही, वजनावर ठरवतात: किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत, दोन मात्रांमध्ये किमान चार तास, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. तुमच्या मुलीला एका वेळी जास्तीत जास्त १८० मिलिग्रॅम. इथे बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असेल तर ते होतात साडेसात मिलिलिटर, आणि २५० मिलिग्रॅम असेल तर फक्त ३.६ मिलिलिटर. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच असू शकतात. सर्दीच्या औषधातही पॅरासिटामॉल असेल तर मात्रा नकळत दुप्पट होते. घरातला चमचा मोजायला घेऊ नका, औषधासोबतची पिचकारी वापरा. आयब्युप्रोफेनही चालतं, पण मूल पाणी पीत नसेल किंवा उलट्या होत असतील तर नको. ॲस्पिरिन मुलांना मुळीच देऊ नका, त्याने मेंदू आणि यकृताला इजा करणारा रेज सिंड्रोम होऊ शकतो. नाक मोकळं करणारी सिरपं आणि ॲलर्जीच्या गोळ्या या दुखण्यात काही करत नाहीत, मूल उगाच पेंगतं किंवा चिडचिडं होतं.

अँटिबायोटिकबद्दल तुमचं म्हणणं अर्धं बरोबर. दोन वर्षांपुढच्या मुलाला ताप ३९ अंश सेल्सिअसच्या खाली असेल, दुखणं सोसण्याजोगं असेल आणि कान वाहत नसेल, तर डॉक्टरांनी एकदा कान पाहिल्यावर ४८ ते ७२ तास वाट पाहता येते. पण सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर अशी वाट पाहायची नाही. आणि तुमच्याकडे हे पुन्हा पुन्हा होतंय, ते मला जास्त खटकतं. सहा महिन्यांत तीनदा किंवा वर्षात चारदा झालं तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा आणि ऐकू येण्याची तपासणी करून घ्या. दुखणं गेलं तरी पडद्यामागचं पाणी कधीकधी तीन-तीन महिने राहतं, आणि तेवढा काळ मूल कमी ऐकतं. त्याला आपण ‘लक्षच देत नाही’ म्हणून रागावत बसतो. घरात कुणी धूम्रपान करत असेल तर ते बंद, झोपून बाटलीने दूध पिणं बंद, आणि न्यूमोकोकलची लस राहिली असेल तर विचारून घ्या.

प्रश्न : मी रोज पोहते. आधी कानाला खाज आली, आता ठणका आहे; घास चावतानाही कळ येते. मागच्या वेळचे ड्रॉप्स शिल्लक आहेत, ते टाकू का? मैत्रीण म्हणते व्हिनेगर टाक.

कानाच्या भोकासमोर जो छोटा उंचवटा असतो तो दाबून बघा, मग कानाची पाळी हलकेच ओढा. कळ मस्तकात गेली तर संसर्ग बहुधा पडद्याच्या अलीकडे, बाहेरच्या नळीत आहे. आणि इथे औषध खरोखर आजारापर्यंत पोहोचतं. साध्या दुखण्यात तोंडाने घेतलेल्या अँटिबायोटिकपेक्षा थेंबच चांगलं काम करतात.

ही नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची. तिची कातडी थोडी आम्लधर्मी असते, वर मळाचा तेलकट थर असतो, आणि दोन्ही मिळून जंतूंना आत शिरू देत नाहीत. मळ म्हणजे घाण असं मानून आपण तोच खरवडून काढतो. रोज पाण्यात बुडून हा थर धुपतो, वर खाज आली म्हणून इअरबड फिरवला की ओरखडे पडतात, आणि ओलाव्यात वाढणाऱ्या स्यूडोमोनास जंतूला आयतीच जागा मिळते.

व्हिनेगरची कल्पना अगदीच वेडी नाही. २ टक्के ॲसेटिक आम्लाचे थेंब औषध म्हणून मिळतात. मात्र ते पोहून आल्यावर, पडदा धड असलेल्या आणि न दुखणाऱ्या कानासाठी ठीक. स्वयंपाकघरातलं व्हिनेगर बरंच तीव्र असतं, सुजलेल्या कानात ते नुसती आग करेल. आज नको.

शिल्लक ड्रॉप्सची मला खरी धास्ती वाटते. मागचं दुखणं आणि आताचं दुखणं एकच आहे हे कुणी ठरवलं? नुसत्या खाजेने सुरुवात झाली, तर बुरशीही असू शकते. दुर्बिणीतून ती भिजलेल्या वर्तमानपत्राच्या बोळ्यासारखी दिसते, वर काळे ठिपके. अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असलेले थेंब घातले की ती मजेत वाढते. दुसरं, बाटलीवर निओमायसिन किंवा जेंटामायसिन लिहिलंय का पाहा. पडद्याला भोक असेल तर ही औषधं आतल्या कानाला इजा करून कायमचा बहिरेपणा आणू शकतात. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिनचं तसं नाही, पण तेही स्वतःच्या मनाने नको. शिवाय बरेच ड्रॉप्स उघडल्यावर साधारण महिन्याभरात टाकून द्यायचे असतात. तुमचे कधीचे आहेत?

तपासून मिळालेलं औषध नीट घाला, कारण निम्मे लोक ते पाळीवरच सांडतात. बाटली काही मिनिटं मुठीत धरून कोमट करा. थंड थेंबांनी गरगरतं. कानात थंड पाणी सोडलं की चक्कर का येते, याचा छडा रॉबर्ट बारानी यांनी लावला आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागावरच्या कामासाठी त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. तुम्हाला तो प्रयोग घरी करायची गरज नाही. कुशीवर झोपा, पाळी वर आणि मागे ओढा, थेंब सोडा, भोकासमोरचा उंचवटा चार-पाच वेळा दाबा, तसंच पाच मिनिटं पडून राहा. अंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवा. आठवडा-दहा दिवस पोहणं बंद. आणि हो, इअरबडही बंद.

प्रश्न : यजमान ६४ वर्षांचे, मधुमेह आहे. कान तीन आठवडे दुखतोय, रात्री झोप लागत नाही. दुखण्याची गोळी घेऊन आणखी थोडे दिवस काढले तर चालेल?

नाही. उद्याच दाखवा. मधुमेहात बाहेरच्या कानाचा संसर्ग कवटीच्या हाडापर्यंत उतरू शकतो. झोपमोड करणारा ठणका हीच त्याची खूण. गोळीने तो दबेल आणि आणखी आठवडा वाया जाईल. घरी पाण्याने कान धुऊ नका. तोंड एका बाजूला वाकडं वाटलं तर उद्याचीही वाट पाहू नका.

प्रश्न : कानात पेटवायच्या मेणबत्तीने मळ आणि संसर्ग दोन्ही ओढून निघतात म्हणे?

काही निघत नाही. १९९६ साली एका अभ्यासात मोजून पाहिलं: ओढ निर्माण होत नाही, मळ निघत नाही, उलट मेण कानात पडतं. जळाल्यावर तळाशी दिसणारा पिवळा गाळ मेणबत्तीचाच असतो.

प्रश्न : सर्दीनंतर रात्रभर कान असह्य दुखला. सकाळी उशीवर पिवळसर, रक्तमिश्रित पाणी आणि दुखणं एकदम बंद! बरं झालं समजून हायड्रोजन पेरॉक्साइडने कान साफ करू का?

बरं वाटतंय कारण आतला दाब मोकळा झाला. पडदा फाटला आहे. घाबरू नका, असे पडदे बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरून येतात. पण आता कानात काहीही जाता कामा नये: पेरॉक्साइड नाही, तेल नाही, पाणी नाही. बाहेर आलेलं स्वच्छ कापडाने टिपा, कान बोळ्याने बंद करून ठेवू नका, आणि एक-दोन दिवसांत दाखवा. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, चक्कर, ताठलेली मान, तोंड वाकडं होणं किंवा जोराची डोकेदुखी यांपैकी काही असलं, तर त्याच दिवशी. एकाएकी अजिबात ऐकू येईनासं झालं तरीही तसंच, कारण त्याचा एक प्रकार असा आहे की पहिल्या दोन आठवड्यांतच औषधाचा उपयोग होतो. घाण वासाचा स्राव महिनोन्महिने येत राहिला तर तो मात्र वेगळा आजार, हाड पोखरणारा. त्याला थेंब पुरत नाहीत.

कान कोरडा झाल्यावर पुन्हा एकदा तपासून पडदा भरला का ते पाहून घ्या. तोपर्यंत डोक्यावरून पाणी घेऊ नका.