पहिली पट्टाया टूर हाती घेण्यापूर्वी

पुणे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. कंपनीची डीलर टूर, चार रात्री पाच दिवस, दोन पट्टाया आणि दोन बँकॉक, सगळे पुरुष, आणि सोबत टूर मॅनेजर म्हणून तू एकटा. कोरल आयलंड, अल्काझार शो, नोंगनूच, जेम्स गॅलरी हे सगळं तू नीट लावलं आहेस, त्यात मला सांगण्यासारखं काही नाही. पण मेसेजच्या शेवटी तू सहज लिहिलंस की कंपनीच्या सेल्सवाल्या साहेबांनी फोनवर विचारलं, "आणि रात्रीचं काय?" आणि तू म्हणालास, "बघू सर." त्या दोन शब्दांसाठी हे पत्र लिहितो आहे.

आपल्या धंद्यात "बघू सर" म्हणजे होकार समजला जातो. तू पुण्यात ते बोललास, पण ऐकणारा ते मनात धरून विमानात बसतो. पट्टायात रात्री साडेअकराला लॉबीत सात-आठ जण तुझ्याभोवती जमतील आणि म्हणतील, साहेबांनी सांगितलंय तुम्ही व्यवस्था करणार आहात. त्या वेळी नाही म्हणणं फार अवघड जातं. थोडी घेतलेली असते, शब्दाला शब्द लागतो, आणि तू वयाने सगळ्यांत लहान. म्हणून जे नाही म्हणायचं ते इथेच म्हण, शांतपणे, दिवसाउजेडी आणि लेखी. साहेबांना आजच मेल टाक: प्रवास, मुक्काम, जेवण, साइटसीइंग आणि अडचणीत मदत एवढी आमची जबाबदारी, याव्यतिरिक्त कोणतीही व्यवस्था आम्ही करत नाही, कुणाकडून करवूनही देत नाही. मेलमध्ये उपदेशाचं एक वाक्यही नको.

हे मी फक्त नीतीसाठी सांगत नाही. "तिकडे सगळं लीगल आहे" असं तुला जो तो सांगेल, आणि ते साफ खोटं आहे. थायलंडमध्ये वेश्याव्यवसाय कायद्याने बंद आहे. १९६० साली पहिला कायदा झाला, १९९६ मध्ये त्याच्या जागी आजचा आला. त्यात बाईला दंड किरकोळ आहे, पण तिला गिऱ्हाइकाकडे नेणाऱ्या मधल्या माणसाला एक ते दहा वर्षं कैद आणि दोन लाख बाटपर्यंत दंड आहे. बाईची संमती होती म्हणून तो सुटत नाही. ती पंधरा ते अठराच्या दरम्यानची निघाली तर पाच ते पंधरा वर्षं, त्याहून लहान असेल तर आणखी जास्त. आता लॉबीत उभं राहून कुणाला तरी फोन लावणारा, पैसे गोळा करणारा, गाडी ठरवणारा मधला माणूस कोण, हे तूच सांग. स्थानिक गाइड तुला माणशी कमिशन देऊ करेल. मसाज पार्लरच्या दारापर्यंत बस न्यायची, बाकी तुम्ही काही करू नका, असं गोड बोलेल. ते पैसे घेतलेस की तू त्या कलमाच्या आत गेलास.

दुसरं एक वाक्य ऐकशील: "त्यांची संस्कृतीच तशी आहे." याचं उत्तर तुला ठाऊक असू दे. पट्टाया हे मासेमारांचं गाव होतं. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेचे सैनिक जवळच्या उतापाओ तळावर होते, आणि १९६७ च्या करारानुसार रजेवरच्या सैनिकांनाही विश्रांतीसाठी थायलंडला आणलं जाऊ लागलं. बार, हॉटेलं, बंगले त्यांच्यासाठी उभे राहिले. सैनिक परत गेले, बार राहिले, आणि त्या खुर्च्यांवर आता जगभरचे पर्यटक बसतात, त्यात आपलेही आले. बारमध्ये काम करणाऱ्या कितीतरी बायका ईशान्येकडच्या इसान भागातून आलेल्या असतात. कोरडवाहू भातशेती, कर्ज, गावी आईकडे ठेवलेलं मूल. आपल्याकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची परिस्थिती ज्याला कळते त्याला हीही कळायला हवी. यात संस्कृतीचा काय संबंध?

साहेबांना मेल गेला की ब्रीफिंग ठेव. विमानतळावर नको, तिथे कुणाचं लक्ष नसतं. टूरच्या आठवडाभर आधी, इथेच, एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये, चहा देऊन. तू त्यांच्यासाठी व्यवस्था करणार नाहीस, पण प्रौढ माणूस रात्री स्वतःच्या पायाने कुठे जातो यावर तुझा ताबा नाही, आणि तो जाणार हे तुलाही माहीत आहे. म्हणून त्याला माहिती देणं हे तुझं काम. काही टूरवाले या विषयावर तोंडच उघडत नाहीत, म्हणे आपण त्यात पडायचं नाही. मला ते पटत नाही. न बोलण्याने कुणी थांबत नाही, फक्त आंधळेपणाने जातो.

बारमध्ये पैसे कसे जातात ते सांग. टेबलावर प्रत्येक गिऱ्हाइकापुढे एक छोटा पेला असतो, त्यात बिलाच्या चिठ्ठ्या गुंडाळून खोचत जातात. प्रत्येक ड्रिंकची नवी चिठ्ठी. शेजारी येऊन बसलेल्या मुलीसाठी घेतलेलं ड्रिंक म्हणजे लेडी ड्रिंक, ते महाग, आणि त्यातला वाटा तिला मिळतो. आपला माणूस त्या पेल्याकडे बघत नाही आणि शेवटी भांडायला उठतो. दर चिठ्ठी आली की बघायची, पटली नाही तर तेव्हाच विचारायचं. दुसरी गोष्ट घंटेची. कित्येक बारमध्ये काउंटरवर घंटा टांगलेली असते. आपल्याकडे घंटा दिसली की हात आपोआप वर जातो, देवळातली सवय. तिथे घंटा वाजवली म्हणजे बारमधल्या सगळ्यांना तुमच्या खर्चाने एकेक पेग. मी एका डीलरला ती नुसत्या गंमतीत वाजवताना पाहिलं आहे, आणि बिल पुढे आल्यावर त्याचा उतरलेला चेहराही. वरच्या मजल्यावर "फुकट शो" म्हणून बोलावणाऱ्या दलालांच्या मागे जायचंच नाही. तिथे बिल तोंडाला येईल ते लावतात आणि जिन्याशी दोन धटिंगण उभे असतात. असा प्रसंग आलाच तर हातघाईवर न येता पैसे देऊन बाहेर पडायचं आणि ११५५ ला फोन करायचा. हा टुरिस्ट पोलिसांचा नंबर आहे, इंग्रजीत बोलतात. ब्रीफिंगमध्येच प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तो सेव्ह करून घे.

ग्लास टेबलावर सोडून उठायचं नाही, उठलात तर ते ड्रिंक गेलं असं समजायचं. गुंगीचं औषध घालून लुटल्याचे प्रकार होतात. दोघांच्या जोड्या लावून दे, एकट्याने कुणी बाहेर जायचं नाही. पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये, फोटो मोबाइलमध्ये. भाड्याच्या दुचाकीसाठी किंवा जेट-स्कीसाठी पासपोर्ट तारण ठेवायचा नाही. जेट-स्कीवर बसण्याआधी तिचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढायचा, नाहीतर जुने ओरखडे तुमच्या नावावर लागतात. ई-सिगारेटला थायलंडमध्ये बंदी आहे, बॅगेत न्यायचीच नाही. थायलंडला जाताना भरायचं डिजिटल अरायव्हल कार्ड तू सगळ्यांचं आधीच भरून ठेव.

आता वयाबद्दल. इथे आवाज जरा चढला तरी चालेल. अठराच्या आतल्या मुलीच्या किंवा मुलाच्या बाबतीत कसलीही सबब चालत नाही. थाई कायद्यात गिऱ्हाइकालाही कैद आहे: वय पंधरा ते अठरा असेल तर एक ते तीन वर्षं, पंधराच्या आत दोन ते सहा वर्षं, आणि त्याखेरीज बलात्काराचा कायदा वेगळा. तिने होकार दिला होता, तिने एकोणीस सांगितलं होतं, मेकअपमुळे कळलं नाही, यातलं काही बोलायचं कामच नाही. शंका आली की मागे फिरायचं. परत भारतात आलो की सुटलो, हाही भ्रम. भारतीय न्याय संहितेच्या पहिल्याच कलमात म्हटलं आहे की भारतीय नागरिकाने देशाबाहेर केलेल्या गुन्ह्यालाही ती लागू आहे. खटला चालवायला केंद्र सरकारची परवानगी लागते, एवढंच. ग्रुपमधला कुणी "लहान वयाची" असं चुकूनही बोलला तर ते हसण्यावारी नेऊ नकोस. त्याला बाजूला घेऊन सांग की असं काही दिसलं तर मी स्वतः पोलिसांना कळवणार. आणि दिसलं तर खरंच कळव. टूर गेली तरी चालेल, क्लायंट गेला तरी चालेल. लहान मुलांच्या या बाजाराविरुद्ध काम करणारी एक्पॅट ही संस्था १९९० च्या सुमारास सुरू झाली तीसुद्धा थायलंडमध्येच, आणि त्या चळवळीने वारंवार सांगितलं आहे की हॉटेलवाले आणि टूरवाले डोळे मिटतात तिथे हा बाजार फोफावतो. तू टूरवाला आहेस.

आरोग्याचं बोलताना लाजू नकोस. थायलंडने १९९१ पासून देशभर शंभर टक्के कंडोमची मोहीम राबवली आणि एचआयव्हीचा फैलाव मोठ्या प्रमाणावर रोखला. ते ज्या बायकांनी "कंडोम नाही तर नाही" म्हणायला सुरुवात केली त्यांच्यामुळेही झालं. जास्त पैसे देतो, बिनकंडोमचं चालेल का, असं विचारणारा पुरुष तिच्या अडचणीचा भाव करत असतो, आणि घरी ज्या बायकोला यातलं काहीच माहीत नाही तिलाही पणाला लावत असतो. हे वाक्य ब्रीफिंगमध्ये असंच म्हण. हॉलमध्ये शांतता पसरेल, पसरू दे.

आणि ७२ तासांचा हिशेब समजावून सांग. कंडोम फाटला किंवा वापरलाच नाही, तर एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी औषध असतं, त्याला पेप म्हणतात. ते जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, पुढे २८ दिवस घ्यावं लागतं. आपली टूर बघ. पट्टायातल्या पहिल्या रात्री काही झालं आणि माणूस "पुण्याला गेल्यावर बघू" म्हणत बसला, तर लोहगावला उतरून घरी झोपून उठेपर्यंत मुदत संपलेली असते. म्हणून त्याने तिथेच दवाखाना गाठला पाहिजे. बँकॉकमध्ये राजदमरी रोडला थाई रेड क्रॉसचं ॲनॉनिमस क्लिनिक आहे, तिथे नाव न सांगता तपासणी होते. इथे परतल्यावर वेळ शिल्लक असेल तर थेट ससून गाठायचं, औषध द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. १०९७ ही सरकारी एड्स हेल्पलाइन मोफत आहे. लगेच केलेली टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे निश्चिंत झालो असं नाही, डॉक्टर सांगतील त्या मुदतीने पुन्हा करावी लागते, आणि तोवर बायकोशी संबंध ठेवताना कंडोम हवाच. सिफिलिस, गनोरिया हे तर काही लक्षण न दाखवताही अंगात राहतात. कुणी रात्री दोनला तुझ्या खोलीचं दार वाजवून असं काही सांगायला आला, तर त्याला कसलेही प्रश्न विचारू नकोस, टॅक्सी बोलाव आणि सोबत जा. ती गोष्ट ग्रुपमध्ये तुझ्या तोंडून कधीही जाता कामा नये, त्याच्या साहेबांच्या कानावर तर नाहीच.

त्या बायकांशी वागण्याबद्दल. बुधवार पेठेत पासोड्या विठोबापासून पुढे जाताना मान खाली घालणारा माणूस पट्टायाच्या वॉकिंग स्ट्रीटवर मोबाइल उंच धरून व्हिडिओ काढत फिरतो, हे मी पुष्कळ पाहिलं आहे. फोटो काढायचे नाहीत, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर मुळीच टाकायचे नाहीत. तिच्या गावी ती हॉटेलात काम करते एवढंच माहीत असतं. अल्काझार हा तृतीयपंथी कलाकारांचा नाचगाण्याचा शो, तो संपला की कलाकार बाहेर फोटोसाठी उभ्या राहतात. फोटो काढायचा तर टिप द्यायची, अंगाला हात लावायचा नाही, त्या पुरुष की बाई यावर मोठ्याने चर्चा करायची नाही. त्या तासभर नाचून आलेल्या कलावंत आहेत. चोरीचा आळ घेण्याआधी लॉकर, बॅगेचे कप्पे, पँटचे खिसे बघायचे. एकदा लॉबीत एका पाहुण्याने पाकीट गेलं म्हणून आरडाओरडा केला, गार्डने त्या मुलीला अडवून ठेवलं, आणि पाकीट खोलीतल्या उशीच्या अभ्र्यात सापडलं, त्यानेच लपवलेलं. मुलगी रिसेप्शनच्या बाकावर सँडल हातात घेऊन बसून होती. माफी मागायला तो खाली आला नाही, मलाच जावं लागलं. असं झालं तर तूही जा.

त्यांचा धंदाच बेकायदा असल्यामुळे मारहाण झाली, पैसे बुडवले तरी त्या पोलिसांकडे सहज जाऊ शकत नाहीत. बँकॉकच्या पॅटपाँग या बारवस्तीत १९८५ मध्ये सुरू झालेली एम्पॉवर नावाची संघटना याच कामगार बायकांसाठी लढते आहे. त्यांचं म्हणणं साधं आहे, आम्हाला कामगार माना आणि कामगारांचे हक्क द्या. आपल्या बुधवार पेठेतही सहेली संघ या तिथल्या धंदा करणाऱ्या बायकांच्या संस्थेतल्या बायका असंच काही सांगतात, आणि २०२२ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टानेही पोलिसांना बजावलं की या बायकांना इतर कुणाही नागरिकासारखी सन्मानाची वागणूक द्या. टूरला निघण्याआधी एकदा त्या संस्थेत जाऊन बसलास तर मी दहा पत्रं लिहूनही सांगू शकणार नाही ते तुला कळेल.

पुढेमागे युरोप करशील तेव्हा पुन्हा नव्याने वाचून जा. नेदरलँड्समध्ये २००० पासून कुंटणखाने कायदेशीर आहेत, पण ॲमस्टरडॅममध्ये खिडक्यांसमोरून गाइडेड टूर न्यायला २०२० पासून बंदी आहे. फ्रान्समध्ये २०१६ पासून आणि स्वीडनमध्ये १९९९ पासून गुन्हेगार ठरतो तो विकत घेणारा. एका देशात चाललं ते दुसऱ्यात चालेल असं धरू नकोस.

साहेबांचं उत्तर काय येतं ते कळव. ते भडकले, दुसऱ्या एजन्सीकडे जातो म्हणाले, तर जाऊ दे. तुझ्या मालकांशी मी बोलेन. त्यांनी मान्य केलं तर शनिवारी संध्याकाळी सहानंतर घरी ये, रूमिंग लिस्ट आणि विम्याची पॉलिसी दोन्ही आण. दारूच्या नशेतला अपघात आणि गुप्तरोगावरचे उपचार पुष्कळ पॉलिसींमध्ये वगळलेले असतात, ते कलम शोधून ब्रीफिंगमध्ये वाचून दाखवावं लागेल. रूमिंग लिस्टमध्ये पंचविशीच्या पोरांना त्यांच्याच वयाच्या पोरांबरोबर ठेव, बापाच्या वयाच्या डीलरच्या खोलीत टाकू नकोस. पहिल्या रात्री पोरगा नको म्हणत असतो आणि खोलीतला मोठा माणूस त्याला ओढून नेतो.

तुझा,
काका