अग्निवीर मुलगा परत येतोय, पुढे काय?

प्रश्न : माझा मुलगा दहावी झाला आणि पहिल्याच तुकडीत अग्निवीर म्हणून भरती झाला. नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात ट्रेनिंग झालं, आता युनिटमध्ये मोठी गाडी चालवतो. २०२७ च्या सुरुवातीला त्याची चार वर्षं भरतात. पुढे ठेवून घेतलं नाही तर काय, या काळजीने झोप लागत नाही. घरचे म्हणतात, माजी सैनिकांच्या कोट्यातून लगेच नोकरी लागेल. दीर म्हणतात, येणाऱ्या पैशातून पिकअप घेऊ आणि उरलेल्यात घराचा स्लॅब टाकू. आमची माण तालुक्यात कोरडवाहू जमीन आहे. मी काय करू?
— एक आई, जि. सातारा

उत्तर :

नमस्कार ताई,

घरात सगळे तुमच्या मुलाला रिटायर होऊन येणारा फौजी समजून बेत आखताहेत. तुमच्या भागात पेन्शनवर आलेले हवालदार, सुभेदार गावोगावी आहेत, तेव्हा तसं वाटणं साहजिक आहे. पण तुमचा मुलगा तेविशीत घरी येईल. या वयाची कितीतरी मुलं अजून कॉलेजात असतात. तो शिकायला परत येतोय असं धरा, म्हणजे पुढचे बरेच निर्णय सोपे होतील.

आधी कोट्याचं बघू. चार वर्षं पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. त्यामुळे पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा, दवाखाना नाही, कॅन्टीनही नाही. माजी सैनिकांच्या राखीव जागांवर त्याचा हक्क नाही. हे वाचून वाईट वाटेल, पण जानेवारीत कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. आणखी एक, बाहेर पडल्याच्या दिवसापासून त्याच्या दवाखान्याचा खर्च घरावर येणार आहे. आरोग्य विम्याचा पहिला हप्ता आधीच बाजूला काढून ठेवा.

त्याच्यासाठी वेगळे असे जे दरवाजे आहेत, ते दुसरीकडे आहेत. बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ अशा केंद्रीय दलांच्या शिपाई भरतीत माजी अग्निवीरांना राखीव जागा ठेवल्या आहेत. बीएसएफमध्ये तर डिसेंबर २०२५ पासून त्या १० वरून ५० टक्के केल्या आहेत. पहिल्या तुकडीला वयात ५ वर्षांची सवलत आहे, म्हणजे एरवी २३ ला संपणारी मर्यादा त्याच्यासाठी २८ पर्यंत जाते. धावण्याच्या चाचणीतूनही सूट आहे. लेखी परीक्षेतून मात्र सूट नाही. ८० प्रश्न, ६० मिनिटं. हा पेपर २०२४ पासून मराठीतूनही देता येतो, हे अनेक मुलांना माहीतच नसतं. राज्याच्या भरतीत अग्निवीरांना काय मिळेल, याबद्दल पारावर बरंच ऐकायला मिळेल. त्यावर जाऊ नका. जाहिरात निघाली की ती स्वतः वाचा, नाहीतर गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, ताई. त्याची बारावी. तुम्ही पत्रात तिचा उल्लेखही केलेला नाही. महाराष्ट्र पोलीस भरतीला बारावी पास लागते. ती नसेल तर मैदानावर तो कितीही पुढे असला तरी अर्जच भरता येणार नाही. दहावीवर भरती झालेल्या अग्निवीरांना नोकरीत असतानाच राष्ट्रीय मुक्त शाळेकडून, म्हणजे एनआयओएसकडून, बारावी करता यावी अशी सोय केलेली आहे. त्याने नाव नोंदवलंय का, किती विषय सुटले, किती राहिले, हे आज रात्रीच्या फोनवर विचारा. राहिले असतील तर उरलेले महिने त्यावरच घालू द्या. सुट्टीवर आला की पाहुण्यांकडे फिरवण्यापेक्षा पुस्तक घेऊन बसू द्या. बारावीनंतर इग्नू या मुक्त विद्यापीठाची पदवीही आहे, तिच्यात सैन्यातल्या प्रशिक्षणाचे निम्मे क्रेडिट धरले जातात. पण ती पुढची पायरी.

पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची असते. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक यांत तुमचा मुलगा गावातल्या पोरांना भारी पडेल, यात मला शंका नाही. अडतं ते अंकगणित, बुद्धिमत्ता आणि मराठी व्याकरणात. चार वर्षं युनिटमध्ये हिंदी बोललेल्या मुलाला समास आणि प्रयोग पुन्हा पहिल्यापासून करावे लागतात. त्याला लाजण्यासारखं काही नाही, फक्त वेळ द्यावा लागतो. एक वर्ष द्या. साताऱ्यात किंवा फलटणला एखाद्या अभ्यासिकेत जागा घेऊन राहिला तरी चालेल. त्या वर्षात "कमवत का नाही?" हा प्रश्न घरात कुणी विचारणार नाही, एवढं तुम्ही बघा.

गाडी चालवतो म्हणालात, हा त्याचा मोठा आधार आहे. पोलिसांत चालक शिपायाची वेगळी पदं निघतात. एसटीत चालक व्हायचं तर अवजड वाहनाचा परवाना आणि आरटीओचा बिल्ला लागतो. त्याने सैन्यात कुठली गाडी किती काळ चालवली, याचा लेखी दाखला युनिटमधून निघण्याआधी घ्यायला सांगा. कौशल्याचं प्रमाणपत्र मिळेल तेही जपायचं. आल्यावर पहिल्या आठवड्यात साताऱ्याच्या आरटीओत जाऊन आपल्या परवान्याचं काय ते करून टाकायचं.

पैशाचं बोलते. चार वर्षं पूर्ण झाल्यावर सेवानिधीचे, म्हणजे अग्निवीरांना शेवटी मिळणाऱ्या एकरकमी निधीचे, साधारण ११ लाख ७१ हजार मिळतात, त्यावर आयकर नाही. यातली निम्मी रक्कम दर महिन्याच्या त्याच्या पगारातून कापलेली आहे. तो पैसा त्याचा आहे, भावकीचा नाही. पहिलं वर्षभर पिकअप नको, स्लॅबही नको. पिकअपला रोजचं भाडं आणि ओळखी लागतात. आज तुमच्याकडे त्या नाहीत, आणि पिकअपचे हप्ते सुरू झाले की अभ्यास सुटलाच. स्लॅबने नोकरी लागत नाही. रक्कम दोन-तीन बँकांत मुदत ठेवीत विभागून ठेवा, कारण एका बँकेत एका माणसाच्या ५ लाखांपर्यंतच्याच ठेवींना विम्याचं संरक्षण असतं. गावच्या पतसंस्थेत ठेवू नका, व्याज कितीही जास्त सांगितलं तरी. पतसंस्थेतल्या ठेवींना हे संरक्षण नाही. अभ्यासाच्या वर्षाचा खर्च तेवढा बचत खात्यात राहू द्या. दिरांशी हे बोलणं तुम्हाला जड जाईल, म्हणून मुलाने स्वतःच फोनवर सांगितलेलं बरं.

ठेवून घेण्याचं राहिलं. प्रत्येक तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना कायम करतात. त्यासाठी त्याने अर्ज जरूर करावा आणि मनापासून तयारी करावी. पण चारातले तीन परत येणार, हे भरती होतानाच ठरलेलं होतं. परत येणाऱ्यांत चांगली, मेहनती मुलं असणारच. "काढलं का रे तुला?" असं गावात कुणीतरी विचारेल, पहिल्या सणालाच विचारेल. त्या वेळी तुम्ही त्याच्या शेजारी उभ्या राहा आणि सांगा, "चार वर्षं पूर्ण करून आलाय, आता पोलीस भरतीची तयारी करतोय." स्थळं येतील तेव्हाही हेच सांगा, पेन्शन आहे असं कुणाला वाटू देऊ नका.

बारावीचे किती विषय राहिलेत ते मला कळवा. सोबत त्याची दहावीची गुणपत्रिका पाठवा, गणितात किती होते ते पाहून अभ्यासाचं वेळापत्रक लिहून पाठवते.