पोरगी रात्रभर टिंबं जोडत बसते, हिचं काय करू?

भाऊ, पत्र वाचलं तुमचं. मानेवाड्यात राहता, मुलगी बारावीला, जेईईचा क्लास लावलाय आणि ही रात्री दोनपर्यंत 'कुठल्यातरी दीर्घिकेच्या गॅमा किरणांचे' ग्राफ काढत बसते, यानं पोट भरते का असं विचारलंय, आणि पुरावा म्हणून तिच्या वहीचा फोटोपण पाठवलाय.

फोटो बघून मी तर खुश झालो. ग्राफ थ्रीसी २७९ चा आहे, म्हणजे ब्लेझर, दूरच्या दीर्घिकेच्या मधात राक्षसी ब्लॅक होल आणि त्यातून निघालेल्या जेटचं, म्हणजे वेगवान कणांच्या झोताचं, तोंड जवळपास आपल्याकडेच. प्रकाश इथवर यायला साधारण ५ अब्ज वर्षं लागतात, आणि २०१५ च्या जूनमधे हा असा भडकला की नासाच्या अंतराळातल्या फर्मी दुर्बिणीला गॅमा किरणं काही मिनिटांत कमीजास्त होताना दिसली. मोठा भाग इतक्या झटपट बदलू शकत नाही, म्हणजे भडका जेटच्या अगदी छोट्या तुकड्यातून आला असणार, पण तो तुकडा नेमका कुठं यावर शास्त्रज्ञांचं अजून जमलेलं नाही. फर्मीचा डेटा सगळ्यांना फुकट आहे, पोरीनं तिथूनच घेतला असेल. तिनं प्रत्येक टिंबावर उभी रेघ काढलीये, किती चूक असू शकते त्याची, आणि जिथं रीडिंग नाही तिथं जागा रिकामी सोडलीये, उगाच जोडलं नाही. तुम्ही टिंबं जोडते म्हणता, पण तिनं न जोडलेलीच मला जास्त आवडली.

आता पोटाचं बोलू. जेईई सोडायची काही गरज नाही. लडाखमधे हानलेला ४,२०० मीटरच्या वर बीएआरसीची (भाभा अणु संशोधन केंद्राची) 'मेस' नावाची दुर्बीण आहे, २१ मीटर व्यासाची. गॅमा किरण जमिनीपर्यंत पोचत नाहीत, वर हवेतच आदळतात आणि काही नॅनोसेकंदांची निळसर चमक होते, ती हिचा कॅमेरा पकडतो. असला कॅमेरा, आरसे, सॉफ्टवेअर करायला इंजिनिअरच लागतात, आणि बीएआरसी ट्रेनिंग स्कूलमधे इंजिनिअर आणि फिजिक्सवाले दोन्ही घेतात.

पण तिला भडक्याचं कारणच शोधायचं असेल तर फिजिक्स. आयसर या सरकारी विज्ञान संस्थांसाठी त्यांची प्रवेश परीक्षा आयएटी द्या, नाही जमलं तर नागपूरलाच बीएस्सी आणि मग एमएस्सीच्या प्रवेशाची जॅम परीक्षा, काही बिघडत नाही. पीएचडीला जेआरएफ ही फेलोशिप ३७,००० महिना आहे, पण पक्की नोकरी लागेस्तोवर तिशी उलटते, हे तिला आत्ताच सांगा, लपवू नका.

आणि फोटोत तुमचा अंगठा आलाय, नेमका भडक्यावर. दुसरा पाठवा ना.