१९७८ च्या पद्मिनीला पुढे डिस्क ब्रेक बसवावेत का?

घाटात ब्रेक दाबला की पेडल खाली जातं आणि गाडी एका बाजूला ओढते, असं तुम्ही लिहिलंय. यातलं ओढणं हा ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणारा डबा, ज्याला आतून शू दाबतात) असण्याचा दोष नाही. एखादा व्हील सिलिंडर (चाकातले शू ढकलणारा) गळून शूवरचा लायनर तेलकट झाला असेल, किंवा शू नीट ॲडजस्ट नसतील. आधी चारही ड्रम उघडून बघा. माझी पद्मिनी आजही ड्रमवरच आहे. १०८९ सीसीच्या गाडीला ते पुरतात.

पेडल खाली जाण्याचं मात्र वेगळं. ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून लांब जातो. डिस्क म्हणजे तबकडी, तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटतात. ती तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते, शिवाय उघडी असल्यामुळे लवकर निवते. वरंधा घाट उतरताना हा फरक खरोखर जाणवेल. (अर्थात दुसऱ्या गिअरमध्ये उतरलात तर ड्रमही फारसे तापत नाहीत.)

तरीही माझे पैसे आधी मास्टर सिलिंडरवर (पेडलचा दाब तेलातून चाकांकडे पाठवणारा) जातील. तुमच्या गाडीत एकच सर्किट (तेलाची वाट) असेल तर कुठलाही एक होज (रबरी नळी) फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. मग पुढे डिस्क असून काय उपयोग? दोन सर्किटांचा टँडम सिलिंडर बसवा.

त्यानंतरही डिस्क हवेच असतील तर काम अर्धवट करू नका. ड्रममध्ये पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर आपोआप आवळला जातो, म्हणून पाय हलका ठेवून भागतं. डिस्कला ती मदत नसते. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा) नसेल तर पेडल दगडासारखं लागेल. कॅलिपरला (पॅड दाबणारा भाग) तेलही जास्त लागतं, म्हणजे मास्टर सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) त्या हिशोबाने हवा. आणि गॅरेजवाले हमखास विसरतात ती गोष्ट: ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो पुढच्या लाइनमध्ये राहिला तर पॅड सुटतच नाहीत, चाक जड फिरतं, डिस्क तापत राहते. पुढचा काढायला लावा, मागचा राहू द्या. मागे ड्रमच ठेवा, हँडब्रेक त्यावरच आहे.

कॅलिपर मूळ रिमला घासतो का, हे पैसे देण्याआधी चाक चढवून बघा. काढलेले ड्रम आणि बॅकप्लेट (शू ज्यावर बसतात ती प्लेट) भंगारात देऊ नका. २०२८ मध्ये गाडी ५० वर्षांची होईल. विंटेज नोंदणी करावीशी वाटली तर मूळ सामान हाताशी असलेलं बरं.