ख्रिस्ती लोक चर्चमध्ये मेणबत्ती लावतात, म्हणजे ज्योतीची पूजा करतात का?

नाही, पूजा देवाची. मेणबत्ती फक्त खूण. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात (८:१२) येशू स्वतःला जगाचा प्रकाश म्हणवतो. हे तो यरुशलेमच्या मंदिरात, ज्यूंच्या मंडपांच्या सणाच्या सुमारास बोलला. त्या सणात मंदिराच्या अंगणात मोठमोठे दिवे पेटवत, त्यामुळे ऐकणाऱ्यांना रोख लगेच कळला असणार.

बायबलमधल्याच स्तोत्र ११९ मध्ये देवाच्या वचनाला दिवा म्हटलंय. तो दिवा मात्र लहान, पावलापुरता. मला तोच जास्त पटतो. सगळा रस्ता दिसत नाही, पुढचं पाऊल तेवढं दिसतं.

नागपुरात असाल तर ईस्टरच्या आदल्या रात्री सदरकडच्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलसारख्या कॅथलिक चर्चमध्ये जाऊन बघा. आत काळोख. बाहेरच्या विस्तवावर एक जाड मेणबत्ती पेटवतात. तिच्यावर क्रूस, अल्फा आणि ओमेगा (ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर) आणि चालू वर्षाचे आकडे. ती आत नेताना तीनदा 'ख्रिस्ताचा प्रकाश' असा पुकारा होतो आणि एकीवरून दुसरी करत सगळ्यांच्या हातातल्या मेणबत्त्या लागतात. एप्रिलचा उकाडा असला तरी पंखा लावता येत नाही, ज्योत विझते; तेव्हा रुमाल सोबत ठेवा.