ऐनाच्या सालीतून नवीन अँटिबायोटिक मिळेल का?

तुम्ही विचारलंय की कुरखेड्याकडचे वैदू जखमेवर ऐनाच्या सालीचा काढा लावतात, तर बी.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये त्यातून नवीन अँटिबायोटिक काढता येईल का. काढता येणार नाही. पण प्रोजेक्ट जरूर करा.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. आमची पोट्टी दरवर्षी कुठला ना कुठला पाला घेऊन येतात आणि जंतू वाढवायच्या प्लेटवर अर्काभोवती जंतू न वाढलेला स्वच्छ गोल दिसला की "सर, सापडलं!" खरी गोम टॅनिनची असते. ऐन, अर्जुन, बेहडा, हिरडा, सगळे एकाच कुळातले आणि टॅनिनने भरलेले. टॅनिन दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं. कातडं कमवायला हिरडा चालतो तो त्यामुळेच. प्लेटवर जंतू मरतात, पण म्हणून ते रक्तात द्यायचं औषध होत नाही. शिवाय अगारमधल्या (प्लेटमधल्या जेलीसारख्या थरातल्या) अर्काच्या भोकाभोवती अर्काचं तपकिरी कडं पसरतं आणि पोरं त्यालाच पट्टी लावून मिलिमीटर लिहून मोकळी होतात. अर्क मिथेनॉलमध्ये काढला असेल आणि शेजारी नुसत्या मिथेनॉलचं भोक नसेल तर तो गोल सालीचा की मिथेनॉलचा, हेही कळत नाही.

म्हणून गोलावर थांबू नका, एमआयसी काढा, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा. कच्चा अर्क मिलिलिटरला 100 मायक्रोग्रॅमच्या आत चालला तर पुढे जाण्यात अर्थ आहे. हजाराच्या वर गेला तर सोडून द्या, मग गोल कितीही मोठा असो.

वनस्पतींनी मलेरियावर क्विनीन आणि आर्टेमिसिनिन दिलं. जिवाणूंवरची नेहमीची अँटिबायोटिक्स मात्र बहुतेक बुरशी नि मातीतल्या जिवाणूंकडून आली. झाडांची युक्ती वेगळी दिसते. दारुहळदीच्या वंशातल्या झुडपांत बर्बेरीन असतं, पण स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू ते आपल्या पेशीतल्या पंपाने बाहेर फेकतो. तो पंपच बंद पाडणारं दुसरं रसायन त्याच वंशातल्या झुडपात 2000 साली सापडलं. सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो) हे अँटिबायोटिकही याच पंपातून बाहेर जातं. तेव्हा तुमचा अर्क एकटा तपासण्यापेक्षा सिप्रोच्या अपुऱ्या मात्रेसोबत तपासा, म्हणजे अर्काने पंप बंद पडतो का ते दिसेल. माझ्या मते बी.एस्सी.ला यापेक्षा चांगला प्रश्न नाही.

साल खोडाभोवती गोल सोलू नका, झाड वाळतं. फुलं-फळांसह फांदी वाळवून वनस्पतिशास्त्राच्या सरांकडून ओळख पक्की करून घ्या. वैदूबुवांचं नाव त्यांना विचारून रिपोर्टात घाला. पुढे पेटंटचा विचार आलाच तर 2002 चा जैवविविधता कायदा आधी वाचा. आणि त्याच झाडाखालची मूठभर मातीही आणा. स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये मातीतल्याच जिवाणूतून मिळालं होतं.